नववा मजला किंवा घरबसल्या

१२ डिसेंबर

आजपासून ही खासगी वही. कार्यालयातल्या नोंदवहीत तीन रकाने असतात: निरीक्षण, दोष, शेरा. एकवीस वर्षं लिफ्ट निरीक्षक म्हणून हेच रकाने भरत आलो, म्हणून इथेही तशाच रेघा मारायला घेतल्या होत्या. पण निरीक्षण करणारा आणि दोष असलेला माणूस एकच निघाला, तेव्हा पट्टी बाजूला ठेवली.

मुद्दा असा, की गेल्या चार महिन्यांत मी एकदाही लिफ्टमध्ये पाऊल टाकलेलं नाही. तपासण्या मात्र वेळेवर चालू आहेत. मी वर लिफ्टच्या मोटारीच्या खोलीत उभा राहतो आणि इमारतीच्या पहारेकऱ्याला सांगतो, "तुम्ही आत बसा, मी दोर बघतो." उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच, फक्त हा उंट आधी जिन्याने चढावा लागतो. साडेपाच किलो वजन उतरलं. कार्यालयात सगळे विचारतात, "काय, व्यायाम सुरू केला वाटतं?" मी हो म्हणतो.

कारण साधं आहे. ऑगस्टमध्ये मोठ्या रुग्णालयातली दोन नंबरची लिफ्ट तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मध्ये अडकली आणि मी आत होतो. चाळीस मिनिटं. नंतर कळलं, दाराचा एक खटका झिजला होता. बाबा तेव्हा सहाव्या मजल्यावर होते आणि त्याच दुपारी गेले, पण ती वेगळी गोष्ट आहे.

घरात मी आणि बायको, आम्ही दोघंच असतो आणि हिला यातलं काही माहीत नाही. आमचं घर पाचव्या मजल्यावर. सुदैवाने हिलाही डॉक्टरांनी नेमके जिनेच चढायला सांगितले आहेत, त्यामुळे आम्ही दोघं बरोबरच चढतो. गुडघे दुखत असताना जिने सांगणारा हा डॉक्टर कोण, हे एकदा विचारायला हवं.

१३ डिसेंबर

एका समुपदेशक मॅडमचा नंबर फ्रिजवर चिकटवलेला होता. कोणी चिकटवला ते कळलं नाही. बहुधा जाहिरातवाले असतील. फोन केला. पलीकडच्या मुलीने विचारलं, "प्रत्यक्ष येणार की ऑनलाइन? प्रत्यक्ष असेल तर आम्ही नवव्या मजल्यावर आहोत. लिफ्ट आहे."

"ठाऊक आहे," मी म्हटलं, "तिच्या प्रमाणपत्रावर माझीच सही आहे."

ऑनलाइन सांगितलं.

पण निर्णय घाईत घेऊ नये म्हणून दोन्ही बाजू तपासल्या. प्रत्यक्ष गेलं तर माणूस समोर असतो, त्याला आपला चेहरा दिसतो. ऑनलाइनमध्येही चेहरा दिसतो, पण कोणता ते आपण ठरवू शकतो. प्रत्यक्ष जायचं तर इस्त्रीची पँट लागते. शिवाय नऊ मजले गुणिले बावीस पायऱ्या, एकशे अठ्ठ्याण्णव. पारडं सरळ घरबसल्याकडे झुकलं.

१६ डिसेंबर

पहिली बैठक. ही वाचनालयात कामाला गेली होती, घर रिकामं होतं. झोपायच्या खोलीत बसलो. मॅडम पन्नाशीच्या, जाड चष्म्याच्या, बोलणं हळू. मी पस्तीस मिनिटं दोर, ब्रेक आणि दाराच्या खटक्यांबद्दल सविस्तर माहिती दिली. त्यांनी सगळं लिहून घेतलं, निदान मान खाली घालून काहीतरी लिहीत तरी होत्या. मग म्हणाल्या, "आणि वडील?"

नेमकं तेव्हाच नेट गेलं.

म्हणजे मीच बटण दाबलं. स्वतःच्याच वहीत खोटं कशाला लिहायचं? ऑनलाइनचा हा पहिला मोठा गुण. प्रत्यक्ष भेटीत अशी सोय नाही, तिथे उठून पळावं लागतं.

१९ डिसेंबर

वर्षअखेरच्या सुट्ट्या लागल्या आणि मेहुणा आला. बायको, दोन मुली, सहा बॅगा, पंधरा दिवस. माणूस सोन्यासारखा आहे, पण आवाजाला झाकण नाही. त्याला आम्ही दोघं खासगीत कर्णा म्हणतो. त्याच्या कानावर पडलेली गोष्ट आणि चव्हाट्यावर मांडलेली गोष्ट यांत फार तर दहा मिनिटांचं अंतर.

झोपायची खोली मुलींना दिली आहे. दिवाणखान्यात कर्णा. स्वयंपाकघरात दोघी नणंद-भावजया, सकाळपासून कुजबुज चालू. मी गेलो की डब्यांची झाकणं वाजायला लागतात.

उद्या दुसरी बैठक आहे आणि घरात बसायला बोटभर जागा नाही.

२० डिसेंबर

न्हाणीघराचा विचार केला, पण नऊ माणसं असल्यासारखी रांग होती. शेवटी गच्चीवरची मोटारीची खोली आठवली. आमच्या इमारतीच्या लिफ्टची चावी माझ्याकडे असते. तिथे कोणी फिरकत नाही. उलट्या बादलीवर बसलो, फोन पेटीवर टेकवला.

एकच गोष्ट लक्षात आली नव्हती, ती म्हणजे सुट्ट्यांत इमारत भरलेली असते. दर मिनिटाला कोणीतरी खाली किंवा वर, आणि प्रत्येक वेळी माझ्या कानाशी मोटार सुरू.

"झोप कशी लागते?" मॅडमनी विचारलं.

घर्रर्र.

"मी म्हटलं, झोप..."

घर्रर्र.

"तुम्ही आहात तरी कुठे?"

"कामावर," मी ओरडलो.

"सुट्टीत?"

एवढ्यात दार ढकलून कर्णा आत. "भाऊजी, इथे काय करताय? ताई शोधतेय." मग फोनकडे बघून त्याने हात जोडले. "नमस्कार मॅडम! भाऊजी फार कामसू हो. सुट्टीतसुद्धा गच्चीवर. तुम्ही साहेब लोकांनी जरा सांगा त्यांना. वडील गेले तरी आठवड्यात कामावर हजर. डोळ्यांतून टिपूस नाही!"

"असं?" मॅडम म्हणाल्या. "आणखी सांगा."

आणि तो सांगत बसला! बारा मिनिटं. माझ्या पैशाने, माझ्या बादलीवर बसून. मी दाराशी उभा. खाली उतरताना म्हणाला, "तुमच्या साहेबबाई फार प्रेमळ आहेत. जेवण जातं का, एकटे असताना काय करता, सगळं विचारतात. आमचा साहेब, मी मेलो तरी विचारणार नाही."

संध्याकाळी मॅडमचा निरोप आला: ऑनलाइन तुमच्याकडे गर्दी होते. तेवीस तारखेला प्रत्यक्ष या.

२१ डिसेंबर

आमच्या साहेबांचा फोन. दोन जानेवारीला मोठ्या रुग्णालयाच्या चारही लिफ्टची तपासणी, माझ्याकडेच. रुग्णालयाचे लोक म्हणे या वेळी प्रत्येक लिफ्टमध्ये निरीक्षकासोबत उभे राहणार आहेत, ऑगस्टनंतर ते घाबरलेत. म्हणजे पहारेकऱ्याला बसवून भागणार नाही.

जमणार नसेल तर आधी सांगायला हवं, आणि सांगितलं की तळमजल्यावरचा कागदपत्र विभाग ठरलेला. तिथे गेलेला निरीक्षक परत वर येत नाही. एकवीस वर्षांची नोकरी आणि हाताशी बारा दिवस. मला भीती वाटते. हे वाक्य पहिल्यांदाच लिहिलं.

२३ डिसेंबर

इस्त्रीची पँट घालून प्रत्यक्ष गेलो. एकशे अठ्ठ्याण्णव पायऱ्या. सातव्यावर दातांचा दवाखाना आहे, तिथल्या बाकावर जरा टेकलो तर आतून बोलावणं आलं. नवव्यावर पोचलो तेव्हा वीस मिनिटं उशीर झाला होता आणि तोंडातून शब्द फुटेना. मॅडमनी पाणी दिलं. दहा मिनिटं मी नुसता धापा टाकत होतो आणि त्या समोर बसून होत्या, घड्याळाकडे न बघता.

"बरं झालं," त्या म्हणाल्या, "आज दोरांबद्दल काही नाही."

कमाल म्हणजे ती दहा मिनिटं मला आवडली. हे पारड्यात कुठे टाकावं कळत नाही.

निघताना त्यांनी गृहपाठ दिला. सत्तावीसला या, पण लिफ्टने. एक मजला चढलात तरी चालेल.

२७ डिसेंबर

आज जे केलं ते कोणाला सांगण्यासारखं नाही, म्हणून इथेच.

साडेतीनला त्या इमारतीत पोचलो. लिफ्टसमोर उभा राहिलो. दार उघडलं, मिटलं, उघडलं. लोक माझ्या बाजूने आत जात होते, बाहेर येत होते. एवढ्यात पहारेकरी धावत आला, मला ओळखून. "साहेब, तपासणी का?"

आणि मी म्हटलं, "हो."

एकदा हो म्हटल्यावर करावी लागते. पिशवीत पाटी कायम असतेच. अडकवली: तपासणी चालू, लिफ्ट बंद. मग लिफ्टच्या खालच्या खड्ड्यात उतरलो आणि विजेरी घेऊन तासभर बसून राहिलो. लिफ्ट बंद म्हणजे मला लिफ्टने जाता येत नाही. यात माझा काही दोष नाही. त्या वेळी हे अगदी पटलं होतं.

वरून आवाज यायला लागले. दातांच्या दवाखान्याचा एक माणूस गाल धरून कण्हत चढत होता. एक नवराबायको आली, मॅडमकडेच निघालेली, एकमेकांशी बोलत नसलेली. दुसऱ्या मजल्यावर बाई म्हणाली, "पर्स धरा जरा." तिसऱ्यावर तो म्हणाला, "हात दे." त्यांचं काम बहुधा पाचव्यापर्यंत निम्मं झालं असेल. मग काठीचा ठक ठक आवाज आणि पहारेकऱ्याचं, "काय करणार मॅडम, निरीक्षक कडक आहे. कोणाचं ऐकत नाही."

मॅडमचा पाय परवा मुरगळला होता. पट्टी बांधून, काठी घेऊन त्या चढायला निघाल्या होत्या.

मी खड्ड्यातून वर आलो, तेलकट हातांनी, आणि जिन्याने धावलो. तिसऱ्या आणि चौथ्याच्या मधल्या वळणावर त्या पायरीवर बसल्या होत्या. माझ्याकडे, मग माझ्या हातांकडे बघितलं. चोराच्या मनात चांदणं. मी लगेच सगळं कबूल केलं. मला वाटलं रागावतील. त्या इतक्या हसल्या की चष्मा काढून पुसावा लागला.

"बसा," त्या म्हणाल्या. "तुमचीच वेळ आहे. मला सांगा, ती चाळीस मिनिटं आत काय करत होतात?"

"घंटा दाबली. मग वाट बघितली."

"आणि?"

आणि मी सांगितलं. लिफ्टच्या भिंतीवर चौकटीत प्रमाणपत्र असतं. चोवीस दिवसांपूर्वी ती लिफ्ट मीच पास केली होती. वरून बहिणीचा फोन येत होता, लवकर ये, बाबा विचारतायत. मग बॅटरी संपली. पुढे बघण्यासारखं दुसरं काही नव्हतं. चाळीस मिनिटं मी माझी सही वाचत होतो. बाहेर काढलं तेव्हा वरून बहीण खाली येत होती, रडत.

चोवीस दिवसांत खटका झिजू शकतो, हे मी सगळ्यांना सांगत आलोय. खरंही आहे. पण मी त्या पायरीवर बसून लहान पोरासारखा रडलो, आणि कुरिअरवाला आमच्यावरून पाय टाकून वर गेला.

"हे आईला माहीत आहे?"

"लिफ्ट अडकली ते माहीत आहे. ती कोणी पास केली होती, ते कोणत्या तोंडाने सांगू?"

"सांगा. दोन तारखेच्या आत."

"ऑनलाइन की प्रत्यक्ष?" मी विचारलं. मी खरंच विचारलं होतं, पण त्या पुन्हा हसायला लागल्या.

नंतर पाटी काढली. मॅडम लिफ्टने वर गेल्या, मी जिन्याने खाली. शेरा लिहिला: दोष नाही. लिफ्टमध्ये.

२८ डिसेंबर

आई बहिणीकडे असते, सहा तासांच्या अंतरावर. व्हिडिओ कॉल केला. आईला फोन समोर धरता येत नाही, त्यामुळे नेहमीसारखा तिचा एक कान आणि अर्धा पंखा दिसत होता. म्हटलं चला, घोडामैदान जवळच आहे, एका दमात सांगून टाकू. डोळे मिटले आणि बोललो. सही, चोवीस दिवस, बहिणीचे फोन, सगळं. माफी मागितली.

डोळे उघडले तर पडद्यावर पूर्ण पंखा. थोड्या वेळाने पावलं वाजली आणि कान परत आला. "हं, बोल आता. दूध उतू जात होतं म्हणून उठले."

चार महिन्यांचं सगळं मी पंख्याला सांगितलं होतं. पुन्हा सांगायचं बळ नव्हतं. "काही नाही," म्हटलं, "सहज केला होता."

आई फोन अगदी तोंडाजवळ धरून बघत राहिली. एक डोळाच दिसत होता. "काही नाही काय? तोंड उतरलंय तुझं. मी परवा येते."

३० डिसेंबर

बहिणीने आईला खाली गाडीतून उतरवलं आणि ती गाडी लावायला गेली. कर्णा बॅगा घेऊन आधीच वर गेला होता आणि वरून पाचही मजल्यांना आई आल्याचं सांगत होता. खाली आम्ही तिघं. आई काठी टेकत लिफ्टमध्ये शिरली आणि वळून उभी राहिली.

"चला की रे."

"आई, तुम्ही व्हा पुढे," ही म्हणाली. "आम्ही जिन्याने येतो. मला डॉक्टरांनी सांगितलंय."

"तुझे गुडघे माझ्यापेक्षा वाईट. कोण डॉक्टर तो?"

ही पदराशी चाळा करत उभी राहिली. आणि तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला, की असा कोणी डॉक्टर नाहीच. चार महिने ही दुखऱ्या गुडघ्यांनी रोज एकशे दहा पायऱ्या माझ्याबरोबर चढत होती. फ्रिजवरचा नंबरही जाहिरातवाल्यांचा नव्हता.

मी दारात उभा होतो. दार मिटायला येई, माझ्या खांद्याला लागे, मागे जाई आणि टूं टूं वाजे. तशात मी सांगितलं. "आई, रुग्णालयातली ती लिफ्ट मीच पास केली होती. बाबा विचारत होते आणि मी माझ्याच सहीखाली अडकून बसलो होतो."

"मला माहीत आहे," आई म्हणाली.

"कसं?"

"तपासणीच्या दिवशी तूच मला बोलला होतास. आणि त्या दुपारी ह्यांनीही विचारलं ना. परिचारिका म्हणाली, मुलगा लिफ्टमध्ये अडकलाय. तर हे म्हणाले..."

टूं टूं टूं.

"काय म्हणाले?"

ऐकू येईना म्हणून मी आत सरकलो. ही माझ्या मागे.

"म्हणाले, कोणी पास केली होती ती? मी म्हटलं, तुमच्याच लेकाने, महिनासुद्धा नाही झाला. तर हसले बघ. दात काढून ठेवलेले होते, तसंच बोळकं उघडून हसले. म्हणाले, येऊ दे त्याला वर, चांगला कान पिळतो. आणि डोळे मिटले. मला वाटलं झोपले. हसतानाच गेले रे. इतक्या दिवसांत मी दहादा सांगायला आले, पण बाबांचं नाव काढलं की तू मोटारी आणि दोर सांगत बसायचास."

मी हसत होतो की रडत होतो, ते हिला विचारायला हवं. दोन्ही असणार, कारण समोर दार उघडलं तेव्हा कर्णा बघतच राहिला. पाचवा मजला आला होता. वर येतोय हे मला कळलंच नव्हतं.

"भाऊजी!" तो ओरडला. "लिफ्टने आलात?" आणि आत तोंड करून, "ऐका, भाऊजी लिफ्टने आले!" म्हणजे त्यालाही माहीत होतं. एकंदरीत मी सोडून सगळ्यांनाच माहीत होतं.

३१ डिसेंबर

लिफ्टच्या दारातून चार वेळा परत फिरलो, पण खाली-वर सहा वेळा गेलो, त्यात दोनदा एकटा. तिसऱ्याच्या वर अजून कठडा धरून उभा राहतो. हिला म्हटलं, तुझ्या डॉक्टरांना सांग, आता जिने पुरे. ही म्हणाली, "ते डॉक्टर फार हट्टी होते हो," आणि आत जाऊन बराच वेळ गुडघ्यांना मलम चोळत बसली. मी डबी हातातून घेतली आणि मीच चोळलं.

मॅडमना कळवलं. त्यांनी विचारलं, पुढची वेळ ऑनलाइन की प्रत्यक्ष? इतके दिवस तोलून तोलून एवढंच हाती लागलं, की पंख्याला सांगितलेलं पोचत नाही. प्रत्यक्ष, असं लिहिलं.

२ जानेवारी

रुग्णालय. चारही लिफ्टमध्ये मीच बसलो. दोन नंबरची शेवटी ठेवली होती. तिचा खटका नवा आहे, तरी सात वेळा तपासला. बरोबरच्या माणसाने विचारलं, "साहेब, बरं वाटत नाही का?" म्हटलं, "भीती वाटतेय. चला." तिसऱ्या आणि चौथ्याच्या मध्ये डोळे मिटून घेतले. चौकटीत अजून जुनंच प्रमाणपत्र होतं.

सहाव्यावर दार उघडलं. तपासणीत उतरावं लागत नाही, लिफ्ट मजल्याच्या पातळीला थांबली की झालं. मी उतरलो. उजवीकडे, टोकाची खोली. पलंग रिकामा होता, चादर नुकतीच बदललेली. मी पलंगाच्या कडेला उभा राहिलो. किती वेळ ते मोजलं नाही.

परिचारिका आली. "कोणाला भेटायचं होतं?"

"वडिलांना. यायला उशीर झाला. लिफ्ट अडकली होती."

ती दचकली. "आत्ता?"

"नाही," मी म्हटलं, "ऑगस्टमध्ये."